ग्वेइझोऊच्या खेड्यांत आठ-दहा दिवस: निघण्याआधीपासून परतेपर्यंत काय, कधी आणि कसं करायचं

चीनमधल्या झाओशिंग गावात सकाळी जाग येते ती ठकठक आवाजानं. ओढ्याकाठच्या घरांसमोर बायका दगडावर कापडाची घडी ठेवून लाकडी मोगरीनं ती ठोकत बसलेल्या असतात. घरच्या मागावर विणलेलं, निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं हे कापड अंड्याचा पांढरा बलक लावून ठोकत राहिलं की त्याला तांब्यासारखी जांभळट चमक येते. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा दोन दिवसांत चार गावं बघायचा बेत होता. ते ठोकणं बघता बघता बेत मोडला आणि एकाच गावात चार दिवस राहिलो. पुढच्या खेपांनाही मी हाच नियम पाळला. या भागात गावं कमी करायची आणि मुक्काम वाढवायचा.

हा लेख चीनच्या नैर्ऋत्येकडच्या ग्वेइझोऊ प्रांताच्या आग्नेय भागाबद्दल आहे. इथं म्याओ आणि दोंग या जमातींच्या लोकांची गावं आहेत. काइली, रोंगज्यांग, त्सोंगज्यांग आणि लीपिंग या शहरांच्या आसपासच्या डोंगरांत ती पसरली आहेत. मराठी माणसाला मी चीनमधला हा ग्रामीण भाग आधी सुचवतो, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे इथं जलदगती रेल्वे जवळजवळ गावाच्या वेशीपर्यंत जाते. दुसरं, इथलं सगळं जगणं भाताभोवती फिरतं. खाचर, बांध, चिखलणी, आवण हे शब्द ज्याच्या घरात आहेत, त्याला इथं बघायला पुष्कळ आहे आणि समजायलाही सोपं जातं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. खेड्यातल्या प्रवासाची नव्वद टक्के कामं शहरात असतानाच उरकायची असतात. पैसे, मोबाइल, जेवणाची चिठ्ठी, मुक्कामाची नोंद यांतलं काही राहून गेलं तर गावात ते निस्तरायला कोणी सापडत नाही.

कधी जायचं

ग्वेइझोऊबद्दल चीनमध्ये जुनी म्हण आहे: तीन दिवस सलग ऊन नाही, तीन ली सलग सपाटी नाही, कुणाच्या गाठीला तीन गुंजा चांदी नाही. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. म्हणीतला चांदीचा भाग आता खरा राहिला नाही. पाऊस आणि चढउतार मात्र तसेच आहेत.

मे महिन्यात खाचरं पाण्यानं भरलेली असतात, डोंगराला आरसे लावल्यासारखी दिसतात. सप्टेंबरच्या अखेरीस भात पिवळा होतो. हे दोन्ही हंगाम उत्तम. जून-जुलै टाळा. जून 2025 मध्ये रोंगज्यांग शहर काही दिवसांच्या अंतरानं दोनदा पुराखाली गेलं होतं. डोंगरातले रस्ते त्या दिवसांत दरडींनी बंद पडतात. वरंध किंवा आंबेनळी घाट पावसात कसा होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला जास्त सांगायला नको.

1 ते 7 ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय सुट्टी असते. मे महिन्याचे पहिले चार-पाच दिवस आणि चिनी नववर्षाचा आठवडाही सुट्टीचाच. या दिवसांत अख्खा चीन प्रवासाला निघतो. खोल्या दुप्पट-तिप्पट महाग होतात आणि रेल्वेचं तिकीट मिळत नाही. पिवळं भात बघायचंच असेल तर 20 सप्टेंबरच्या सुमाराला पोहोचा आणि महिनाअखेरीस बाहेर पडा.

व्हिसा आणि तिथं पोहोचणं

भारतीय पासपोर्टला पर्यटन व्हिसा लागतो. चीन बऱ्याच देशांच्या नागरिकांना 240 तासांचा विनाव्हिसा थांबा देतो. त्या यादीत भारत नाही, म्हणून परदेशी प्रवाशांचे व्हिडिओ बघून गोंधळू नका. व्हिसाच्या अर्जात मुक्कामांचा तपशील द्यावा लागतो. पहिल्या दोन-तीन रात्री आणि शेवटची रात्र मोठ्या शहरातल्या नेहमीच्या हॉटेलात दाखवा.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरामार्गे जाणं सर्वांत सोपं. पाच वर्षांहून अधिक काळ बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पहिलं विमान कोलकात्याहून ग्वांगझोऊलाच गेलं. ग्वांगझोऊ दक्षिण स्थानकातून ग्वेइझोऊच्या राजधानीकडे, ग्वेइयांगकडे जाणारी जलदगती रेल्वे धरायची. 857 किलोमीटरचा हा मार्ग डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाला. त्याआधी या गावांना पोहोचायला घाटातून दिवसभर बस लागायची. आता साडेतीन-चार तासांत तुम्ही त्सोंगज्यांग स्थानकात उतरता.

इथं नवखा माणूस हमखास फसतो. त्सोंगज्यांग स्थानक त्सोंगज्यांग शहरात नाही. शहर तिथून बरंच लांब आहे, उलट झाओशिंग गाव मात्र गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे झाओशिंगला जायचं तर याच स्थानकावर उतरायचं. बाशा गावाला किंवा ज्याबांगच्या भाताच्या पायऱ्यांकडे जायचं तर आधी त्सोंगज्यांग शहर गाठायचं आणि तिथून पुढची गाडी बघायची. शिवाय त्सोंगज्यांग आणि रोंगज्यांग ही दोन वेगळी स्थानकं एकाच मार्गावर आहेत. तिकीट काढताना नाव दोनदा वाचा.

तिकिटं साधारण 15 दिवस आधी खुली होतात. रेल्वेच्या 12306 या अधिकृत ॲपवर इंग्रजीत आणि पासपोर्ट क्रमांकावर तिकीट निघतं. ट्रिप डॉट कॉमवर थोडं शुल्क जास्त पडतं, पण भारतीय कार्ड तिथं कमी त्रास देतं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकाची यंत्रं चिनी ओळखपत्रासाठी असतात, म्हणून सरळ कडेच्या कर्मचाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि सामान यंत्रातून तपासून घ्यावं लागतं. पाऊण तास आधी पोहोचा. फळं कापायला नेलेली सुरी आणि फवाऱ्याचे डबे तपासणीत काढून घेतात.

ग्वांगझोऊतला अर्धा दिवस: पैसे आणि मोबाइल

हा अर्धा दिवस वाचवायचा प्रयत्न करू नका. चीनमध्ये भाजीवालीपासून बसपर्यंत सगळे पैसे मोबाइलवरून, अलीपे किंवा वीचॅटनं घेतात. अडचण अशी की 2020 मध्ये भारत सरकारनं या दोन्ही ॲपवर बंदी घातली. अमेरिका, सिंगापूर किंवा दुबईतल्या मराठी मंडळींना ही अडचण नाही. भारतातून निघणाऱ्यानं मात्र ही सोय चीनमध्ये उतरल्यावरच होईल असं धरून चालायचं. अँड्रॉइड फोनवर तिथल्या नेटवर्कवरून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ॲप घेता येतं. आयफोनवर खात्याचा देश आड येतो. विमानतळावर उतरून घाईत हे होत नाही, म्हणून हॉटेलात बसून शांतपणे करा.

ॲप आलं की त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडायचं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करून ठेवा. ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो, म्हणून तो क्रमांक रोमिंगवर जिवंत हवा. हे विसरलेला माणूस कार्ड हातात असून रिकाम्या हातानं बसतो. अलीपेवर 200 युआनच्या आतल्या व्यवहारावर जास्तीचं शुल्क नाही, त्यावरच्या रकमेला 3 टक्के पडतात. 2025 मध्ये युआन 12 रुपयांच्या आसपास होता.

खेड्यात आणखी एक अडचण येते. दुकानाचा व्यापारी क्यूआर आणि माणसाचा खासगी क्यूआर वेगळे असतात. परदेशी कार्डानं खासगी क्यूआरला पैसे जाताना अडतात, आणि बाजारात रताळी विकणाऱ्या आजीकडे असतो तो बहुधा खासगीच. म्हणून रोख हवीच. मी एका माणसामागे आठवड्याला 1500 ते 2000 युआन जवळ ठेवतो, आणि त्यातल्या 500 च्या 5, 10 आणि 20 च्या नोटा मुद्दाम करून घेतो. पैसे मोठ्या शहरातल्या बँक ऑफ चायनाच्या एटीएममधून काढा. गावाजवळच्या ग्रामीण पतसंस्थेच्या यंत्रात परदेशी कार्ड चालेल असं समजून जाऊ नका.

इंटरनेटचं एकच सांगतो: भारतातल्या कंपनीचा चीनसाठीचा रोमिंग पॅक घ्या. रोमिंगचा डेटा भारतातून फिरून येतो, त्यामुळे व्हॉट्सॲप आणि गूगल चालू राहतात. हॉटेलच्या वायफायवर ते बंद असतात. गूगलचे नकाशे तिथं सरकलेले दिसतात, रस्ता एकीकडे आणि आपण भलतीकडे. आयफोनचे नकाशे ठीक चालतात. अँड्रॉइडवर अमॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. मराठीतून चिनी करण्यापेक्षा इंग्रजीतून केलेलं जास्त नीट उतरतं.

सामान

चाकांची बॅग नको, पाठीवरची घ्या. गावांत दगडी पायऱ्या असतात आणि खोली बहुतेक वेळा लाकडी जिन्यावर दुसऱ्या मजल्यावर मिळते. चांगली पकड असलेले बूट, पातळ रेनकोट, डोक्याला लावायचा दिवा आणि कागदी रुमालांची पाकिटं घ्या. शौचालयं भारतीय पद्धतीचीच असतात, पण पाणी आणि कागद आपला असावा. पाण्यासाठी थर्मास न्या. नळाचं पाणी तिथंही कोणी पीत नाही, पण उकळतं पाणी प्रत्येक घरात, स्थानकावर आणि गाडीत मिळतं. चिनी सॉकेटला आपली गोल पिन बसत नाही, चपट्या पिनेचं अडॅप्टर लागतं. चीनमध्ये देशांतर्गत विमानानं जाणार असाल तर पॉवर बँकेवर तिथलं 3सी हे सुरक्षिततेचं चिन्ह हवं. 28 जून 2025 पासून ते नसलेली पॉवर बँक विमानात नेऊ देत नाहीत.

विजेची कॉइल, इंडक्शन शेगडी किंवा राइस कुकर मात्र नेऊ नका. आपल्याकडची बरीच कुटुंबं परदेशात हे नेतात, मला कल्पना आहे. ही गावं पूर्ण लाकडाची आहेत, घराला घर चिकटलेलं आहे. जानेवारी 2014 मध्ये झेनयुआन तालुक्यातल्या बाओजिंग या दोंग गावात आग लागली आणि शंभराहून जास्त घरं जळाली. काही गावांत आजही संध्याकाळी एक माणूस गल्लीगल्लीतून ओरडत फिरतो, चुली सांभाळा, विस्तव विझवा म्हणून. जिथं ही हाळी रोज द्यावी लागते तिथं खोलीत कॉइल लावणं, डासांची उदबत्ती पेटवणं किंवा देवापुढं निरांजन लावणं यजमानाच्या जिवाला घोर लावतं. दिवा लावायचाच असेल तर विचारून, अंगणात.

शाकाहाराची चिठ्ठी

याच गोष्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण इथंच माणसं उपाशी राहतात आणि मग गावाला दोष देतात.

'मांस नको' एवढं म्हटलं तर भाजी येते, पण ती डुकराच्या चरबीत परतलेली असते. ग्रामीण ग्वेइझोऊत ही चरबी घरोघरी बरणीत भरून ठेवलेली असते, पांढरी, गोठलेल्या तुपासारखी. स्वयंपाकिणीच्या लेखी ती मांस नाहीच, फोडणीचं तेल आहे. ती तुम्हाला फसवत नाही. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या. 'वो छ सू', मी शाकाहारी खातो. 'बू याओ रौ', मांस नको. 'बू याओ झूयौ', डुकराची चरबी नको. आणि चौथी, काय हवं ते: 'त्साय-यौ', म्हणजे तिथलं मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल. ते प्रत्येक घरात असतं.

उच्चार चुकतात, म्हणून ग्वांगझोऊच्या हॉटेलातल्या कर्मचाऱ्याकडून हे सगळं चिनी अक्षरांत मोठ्या ठशात लिहून घ्या. त्यात मासे, कोंबडी, कोळंबी, मांसाचं पाणी आणि चरबी असं एकेक नाव हवं. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट लिहा. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कागद पाकिटात. जैन मंडळींनी 'वू शिन' हा शब्द लिहून घ्यावा. चिनी बौद्ध परंपरेत कांदा-लसणासारख्या पाच उग्र पदार्थांना ते नाव आहे आणि वयस्क लोकांना ते कळतं. बटाटा मात्र वेगळा सांगावा लागतो.

चिठ्ठी जेवायला बसल्यावर दाखवू नका, सकाळीच दाखवा. आणि शक्य असेल तर स्वयंपाकघरात जाऊन भाज्यांकडे बोट दाखवा. तिथं याचं कोणाला वावगं वाटत नाही, लहान खानावळींत गिऱ्हाईक असंच निवडतं. काय मिळेल? टोमॅटो-अंडं, बटाट्याचा तळलेला कीस, टोफू, कोबी, भोपळ्याचे कोवळे वेल, वांगी आणि वाफवलेला चिकट भात. हा भात हातानं गोळा करून खातात, तेव्हा चमच्याची चिंता नको. मी बरोबर मेतकूट आणि दाण्याची चटणी नेतो. त्या चिकट भाताबरोबर मेतकूट इतकं जमून येतं की एका यजमानीण बाईंनी डबीच ठेवून घेतली. ताजी फळं, बियाणं, लोणी-पनीरसारखे दुधाचे पदार्थ आणि मांस यांना चीनच्या सीमाशुल्क खात्याची बंदी आहे. त्यामुळे कोरडा आणि बंद पाकिटातला फराळच न्या.

काइलीची ओळख म्हणजे आंबट रस्सा. टोमॅटो किंवा भाताचं पाणी आंबवून तो करतात आणि त्यात मासा शिजवतात. मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये, कोकणातल्या माणसाला तो लगेच आपला वाटेल. झअरगन नावाची पांढरी मुळी चटणीत हमखास असते. तिला मातकट, माशासारखा उग्र वास असतो. पहिल्या दिवशी नकोशी वाटते, चौथ्या दिवशी मागून घेतली जाते. न्यूब्ये हा रस्सा मात्र विचारूनच घ्या. गुरांच्या पोटातल्या अर्धवट पचलेल्या गवताचा रस त्यात असतो. तिथल्या लोकांसाठी तो पाहुणचाराचा मानाचा पदार्थ आहे. नको असेल तर तोंड वाकडं न करता हात जोडून नाही म्हणावं.

आणखी एक: खेड्यात रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला होतं. आठ वाजता चूल विझलेली असते. आपल्या सवयीनं नऊला खाली उतरलात तर बिस्किटांवर रात्र काढावी लागेल.

मुक्काम आणि पोलिसांकडची नोंद

चीनमध्ये परदेशी माणसाच्या प्रत्येक मुक्कामाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात ती हॉटेल करतं. कुणाच्या घरी राहिलात तर 24 तासांच्या आत तुम्ही किंवा यजमानानं जवळच्या पोलिस ठाण्यात ती करायची असते. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं स्पष्ट केलं की हॉटेलांनी परदेशी म्हणून पाहुणा नाकारू नये. पण लहान गावातल्या खोलीवाल्यानं आयुष्यात परदेशी पासपोर्ट पाहिलेला नसतो, तो गोंधळतो.

एका गावात संध्याकाळी पोहोचलो तेव्हा खोलीवाले काका पासपोर्ट हातात घेऊन नुसते उभे राहिले. नोंद कशी करायची ते त्यांना माहीत नव्हतं आणि चुकलं तर दंड होईल ही भीती. मी वाद न घालता 'पायछूसुओ' एवढंच म्हटलं. पायछूसुओ म्हणजे पोलिस ठाणं. त्यांचा पुतण्या स्कूटरवरून मला घेऊन गेला. तिथल्या शिपायानं पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान आणि प्रवेशाचा शिक्का असलेलं पान अशा तीन पानांच्या प्रती घेतल्या आणि पंधरा मिनिटांत काम झालं. तेव्हापासून या तीन पानांच्या छापील प्रतींचे पाच-सहा संच मी बरोबर नेतो. खोली आरक्षित करतानाच 'भारतीय पासपोर्ट आहे, चालेल ना?' असा निरोप पाठवा आणि उजेड असताना पोहोचा. मूळ पासपोर्ट कायम अंगावर ठेवा, तसा कायदाच आहे.

साधी लाकडी खोली 100 ते 200 युआनला मिळते. लाकडातून शेजारच्या खोलीतलं कुजबुजणंही ऐकू येतं. हिवाळ्यात ओलसर थंडी असते, घर गरम करायची सोय नसते. विजेवर तापणारी गादी देतात का, ते विचारा.

गावागावांतून फिरणं

मोबाइलवरून बोलावायची टॅक्सी शहरापुरती. पुढे तालुक्याच्या बस आणि खासगी व्हॅन असतात. पावाच्या आकाराच्या म्हणून या व्हॅनना 'म्येनबाओछ' म्हणतात. वेळापत्रकाचा कागद लावलेला असतो, पण खरी वेळ ड्रायव्हरला विचारायची. बहुतेक गावांतली शेवटची गाडी दुपारी चार-पाचला सुटते. म्हणून गाडीतून उतरतानाच परतीची वेळ विचारा, आणि तो बोटांवर दाखवेल त्यापेक्षा अर्धा तास आधी थांब्यावर या.

बाजाराचे दिवस ही इथली मोठी गुरुकिल्ली आहे. आपल्या आठवडे बाजारासारखेच हे बाजार असतात. बाजाराला जाण्याला तिथं 'गानछांग' म्हणतात. फरक एवढाच की ते वारावर नसतात, पाच-सहा दिवसांच्या फेऱ्यानं गावोगाव फिरतात. बाजाराच्या दिवशी एरवी गाडी नसलेल्या वाडीतूनही व्हॅन निघते. म्हणून गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: पुढचा बाजार कुठं आणि कधी? त्यावरून आपले दिवस बेतायचे. नऊच्या आत पोहोचा. दुपारी एकनंतर पालं उठायला लागतात.

माझा बेत असा असतो. पहिली रात्र ग्वांगझोऊ. मग झाओशिंगला तीन-चार रात्री. इथं पाच ढोलमनोरे आहेत. एकही खिळा न वापरता खाचा आणि कुसवांवर उभे केलेले हे उंच लाकडी मनोरे माणुसकी, न्याय, रीत, शहाणपण आणि विश्वास या पाच गुणांच्या नावांनी ओळखले जातात. मनोऱ्याच्या सावलीत म्हातारी माणसं बसलेली असतात, तिथं आपणही बसायचं, कोणी उठवत नाही. एका सकाळी गाडीनं वरच्या थांगआन गावात जा आणि खाचरांतून पायवाटेनं उतरत या. बांधावरून चालताना पाय मधोमध ठेवा, काठ ढासळवू नका. खाचरातल्या पाण्यात मासे आणि बदकं दिसतील. भात, मासा आणि बदक एकाच खाचरात वाढवण्याची दोंग लोकांची ही रीत 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवली. मासे किडे आणि तण खातात, बदकं गोगलगायी वेचतात, दोघांची विष्ठा खत होते. मावळातल्या एखाद्या शेतकऱ्यानं हे डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटतं.

पुढच्या तीन रात्रींसाठी एकच गाव निवडा. ज्याबांगच्या पायऱ्या त्सोंगज्यांग शहरापासून दोन तासांहून लांब आहेत, तिथं मुक्कामालाच जायला हवं. गाण्याची आवड असेल तर श्याओह्वांग गाठा. दोंग लोकांचं वाद्याविना, अनेक सुरांत गायलं जाणारं समूहगान 2009 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्यासाठी हे गाव ओळखलं जातं. शीज्यांग हे हजार घरांचं म्याओ गाव सर्वांत प्रसिद्ध, पण तिथं तिकिटाचं फाटक, दुकानांची रांग आणि रात्री दिव्यांची रोषणाई आहे. समोरच्या टेकडीवरून अख्खं गाव बघायला एक संध्याकाळ पुरे. माझी पसंती काइलीजवळच्या वरच्या लांगद गावाला. तिथले गावकरी पाहुण्यांपुढच्या नाचगाण्याचं उत्पन्न गुण मांडून आपसांत वाटून घेत आले आहेत. रोंगज्यांगमध्ये 2023 पासून गावांच्या संघांचे फुटबॉल सामने भरतात, गाळ्यावरचा मांसविक्रेता आणि ड्रायव्हर हे त्यातले खेळाडू. तारखा जुळल्या तर नक्की बघा.

माणसांशी वागताना

म्याओ गावाच्या वेशीवर सणाला किंवा मोठ्या पाहुण्यांसाठी बायका वाट अडवून भाताची दारू पाजतात. शिंगातून किंवा वाटीतून, थेट ओठाला लावून. नियम असा की शिंगाला तुमचा हात लागला तर ते पूर्ण तुमचं, सगळं संपवायचं. म्हणून हात पाठीमागे बांधा, एक घोट घ्या, हसा आणि पुढे चला. पीत नसाल तर ओठ टेकवून मान डोलवली तरी मान राहतो. घरात चुलीवरच्या लोखंडी तिवईवर पाय ठेवू नका. दोंग गावांतल्या सामा देवीच्या ठाण्यात विचारल्याशिवाय शिरू नका.

मोठ्या बाईंना 'आयी' म्हणायचं. अर्थ मावशी-काकूचा आहे, पण कानाला आपली आईच ऐकू येते. त्याहून वयस्क असल्या तर 'नायनाय', पुरुषांना 'शूशू'. मात्र बऱ्याच म्हाताऱ्या बायका फक्त म्याओ किंवा दोंग भाषा बोलतात आणि तुमचं भाषांतराचं ॲप गप्प बसतं. शाळेतून येणाऱ्या मुलांना मध्ये घ्या, ती उत्साहानं दुभाषी होतात. 'वो श यिन्दू रन', मी भारतीय, एवढं सांगितलं की चार माणसं जमतात. चिनी बोलणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांशी गाठ पडली तर 'के दीहुआ' हे नाव घेऊन बघा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं ते चिनी नाव. 1938 मध्ये ते चीनला गेले, उत्तरेकडच्या हेबेईतल्या खेड्यांत जखमींवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथंच वारले. तुम्ही त्यांच्या मुलखातले आहात हे सांगताना मला तरी भरून येतं.

अडचण आली तर पोलिस 110, रुग्णवाहिका 120, आग 119. व्हिसा किंवा नोंदणीच्या प्रश्नाला 12367 वर चोवीस तास इंग्रजीत उत्तर मिळतं. पुढच्या गावी निघण्याआधी यजमानाचं नाव, गाव आणि फोन चिनीत लिहून घ्या. रस्ता चुकलात तर तोच कागद कामाला येतो.

फोटो विचारूनच काढा. आणि काढलेत तर एक काम करा. परतीच्या वाटेवर तालुक्याच्या गावात फोटोच्या दुकानात छापून घ्या आणि खालच्या थांब्यावरून वर जाणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्या, पाकिटावर यजमानाचं नाव त्याच कागदावरून उतरवून. माझी पाकिटं आजवर सगळी पोहोचली. दुसऱ्यांदा झाओशिंगला गेलो तेव्हा त्या कापड ठोकणाऱ्या आयींच्या दारात, निळीच्या पिंपाच्या वर, मी पाठवलेला त्यांचा फोटो खिळ्याला लावलेला होता.